मगाशी झुबे होते, आता कुड्या

मराठी मालिकेतल्या घराला पंखा का नसतो, या विषयावर आमच्या घरी जितकी चर्चा झाली तितकी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरही झाली नसेल. घर केवढं, तर दोन मजली. जिना असा की वरून सून उतरायला लागली की खाली बसलेल्या तिघींचे चेहरे तीन-तीनदा बदलून होतात आणि सून अजून चौथ्या पायरीवरच असते. सोफा पांढरा. लहान पोरं असलेल्या घरात पांढरा सोफा घेणारी माणसं पुढं जाऊन जो काही मूर्खपणा करतात, त्याचं मग फारसं नवल वाटत नाही. बारा माणसांचं खटलं, संगमरवरी देवघर, आणि आढ्याला पंखा नाही. आमच्याकडं बारामती-इंदापूर पट्ट्यात एप्रिल लागला की पारा चाळिशीला टेकतो. आमच्या सौ.चं म्हणणं साधं होतं. "ह्या बाया भर उन्हाळ्यात पैठणी नेसून, गळ्यात पावशेर सोनं घालून उभ्या राहतात आणि एकीच्याही कपाळाला घाम नाही. एक तर पंखा दाखवा, नाही तर घाम दाखवा."

उलगडा भाच्यानं केला. तो गोरेगावच्या चित्रनगरीत, कलाविभागात कामाला आहे. "मामी, पंखा टांगायचा कशाला? बऱ्याच सेटना छतच नसतं." भिंती प्लायवूडच्या, त्याही बहुधा तीनच, आणि वर सगळं उघडं; तिथून दिवे सोडलेले असतात. म्हणून कॅमेरा कधी मान वर करून बघत नाही. आणि खरा बंगला भाड्यानं घेतला तरी शॉटच्या आधी पंखा बंदच करतात, कारण घरघर माइकमध्ये येते. फ्रिजसुद्धा बंद करतात म्हणे. सौ.नं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बिनछपराच्या घरात राहून ही माणसं मला घर सांभाळायला शिकवतात."

शहरातल्या शहाण्या लोकांचा एक समज आहे. खेड्यातली बाई मालिका खरी मानते, खलनायिका दिसली की कडाकडा बोटं मोडते, नायिकेसाठी उपास धरते. मालिकावाल्यांचाही तोच समज असावा. आमचं पिंपळी बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुढं काटेवाडी, त्याच्या पुढं भवानीनगरचा छत्रपती कारखाना, आणि अंगावरून नीरा डावा कालवा. मी जन्मभर एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाच्या नोंदी केल्या आणि आता घरी बसून मतं देतो. माझं मत असं की पिंपळीतली बाई मालिका बघत नाही, तपासते.

हा तपास संध्याकाळी सातला सुरू होतो. टीव्ही एक. सात ते साडेनऊ रिमोट सौ.कडे, आणि जाहिराती लागल्या की तेवढ्यापुरता तात्यांकडे. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन सुना आणि तीन नाती असल्यानं रिमोट त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात. त्यांना मालिकेत गोडी नाही. त्यांना जग लागतं. टीव्हीवर तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नसाव्यात असा सरकारी नियम आहे. तात्यांचं सगळं परराष्ट्र धोरण त्या बारा मिनिटांत बसवलेलं आहे. त्यामुळं आमच्या दिवाणखान्यात नायिकेच्या डोळ्यांत पाणी तरळतं, लगेच गाझात धूर निघतो, लगेच अमेरिकेचा अध्यक्ष बोट नाचवतो, आणि परत येईपर्यंत नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी अजून खाली पडलेलं नसतं.

"आगं आई, हिच्या कानात मगाशी झुबे होते. आता कुड्या झाल्या." ही सौ.ची पहिली हरकत. मग गजरा. डावीकडून बघताना मोगऱ्याचा, उजवीकडून अबोलीचा. मग चहा. मालिकेतला चहा कपात नसतोच, हे ती कप उचलण्यावरून ओळखते. भरलेला कप माणूस वेगळा उचलतो. मग सुटकेस. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई सुटकेस दोन बोटांनी उचलून चालू लागते. "संसार मोडला म्हणून काय झालं," सौ. म्हणते, "बॅगेला वजन नको?" फोनवर बोलणं संपलं की "ठेवते हं" म्हणायची पद्धत मालिकेत नाही. दाराआड उभं राहून ऐकणारी जाऊ नेमकं अर्धंच ऐकते. आमच्या वाड्यात दाराआडून ऐकलेली कुठलीही गोष्ट आजवर अर्धी ऐकली गेलेली नाही. उलट बोलणाऱ्यानं न बोललेलीही चार वाक्यं ऐकू येतात.

ग्रामीण मालिका लागली की तपासणीला माझी आणि तात्यांचीही मदत होते. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडच्या मातीत उभी होती, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरच्या. त्यांना आमच्या घरी बरे गुण मिळाले, कारण चिखल खरा होता. पण एरवी उसाच्या फडात मारामारी दाखवतात ती बघवत नाही. नायक पांढरा सदरा घालून उभ्या उसात शिरतो, सहा जणांना लोळवतो आणि तसाच बाहेर येतो. उसाचं पान काय असतं हे यांना माहीत नाही. मी शर्टाच्या बाह्या खाली ओढून फडात जायचो तरी हातावर रेघोट्या उठायच्या, आणि कुसळं आठवडाभर मानेत राहायची. त्या सहा गुंडांना मारायची गरजच नव्हती. फडात नुसतं दोनदा इकडून तिकडे पळवलं असतं तर आपणहून शरण आले असते.

आषाढात वारीचे भाग लागतात. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून आमच्या दारावरून काटेवाडीला जाते. तिथं धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण. म्हणजे वारी ही आम्ही टीव्हीवर शिकलेली गोष्ट नाही. मालिकेतली वारी मात्र पंधरा माणसांची. तीच पंधरा माणसं पुन्हा पुन्हा पुढून येतात. नायिकेच्या डोक्यावर तुळस आणि लुगड्याला इस्त्री. तात्या एवढ्यासाठी बातम्या सोडून हा भाग बघतात आणि दरवर्षी एकच शेरा मारतात : "पायाकडं बघ की बाईच्या. आळंदीपासनं न्हाई, मेकअप रूमपासनं चालत आल्यासारकी दिसती." तुकोबांची पालखी देहूहून निघते हे त्यांना माहीत आहे. मालिकेवर चिडले की त्यांचा भूगोल ढळतो.

आता मालिकावाल्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाचा दिवाळीला यायचा नाही. अर्ध्या तासाच्या भागात साधारण बावीस मिनिटांची गोष्ट असते आणि ती रोज लागते. बारा-बारा तास काम करून माणसं रोज एवढं चित्रीकरण उरकतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वर वाहिनीचे 'क्रिएटिव्ह' म्हणून कुणी असतात, ते काय करतात हे भाच्याला अजून समजलेलं नाही. पुढच्या काही भागांचं चित्रीकरण हाताशी तयार ठेवतात, त्याला 'बँक' म्हणतात. ही बँक आटली की नायिकेला आठवणी यायला लागतात. आपल्याला वाटतं बाई हळवी झाली. तसं नसतं. पाऊस झाला, नायकाला ताप आला, म्हणून जुनीच चित्रं धूसर करून पुन्हा दाखवायची वेळ आली. एक थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवतात तीही त्यातलीच. भाच्यानं हे सांगितल्यापासून कुणी खिडकीतून बाहेर बघत गप्प उभं राहिलं की सौ. म्हणते, "बँकेत खडखडाट झालेला दिसतोय."

आणि मग गुरुवार. देशभरातल्या हजारो घरांत बार्क नावाच्या संस्थेनं पेट्या बसवल्या आहेत. घरातलं कोण टीव्हीसमोर बसलंय त्याचं बटण दाबायचं, म्हणजे कुणी काय बघितलं ते मोजलं जातं. त्याचे आकडे गुरुवारी येतात. बुधवारी ज्या सुनेला विष दिलं ती गुरुवारनंतर जगणार की नाही, हे डॉक्टरच्या हातात नसतं. या पेटीचा एक दोष मला फार मोठा वाटतो. तिला बघणं कळतं, पण कसं बघितलं ते कळत नाही. आमच्या घरात ती पेटी असती तर सौ.नं अडीच तास दातओठ खात काढलेल्या चुका 'अडीच तास आवडीनं पाहिलं' अशा नोंदल्या गेल्या असत्या. लग्नाचा सोहळा पंधरा-पंधरा दिवस चालतो तो त्यामुळंच. हळद, मेंदी, संगीत, मग मंडपात पोलीस. आमच्याकडं एवढे दिवस लग्न चाललं असतं तर आचाऱ्यानंच पोलीस बोलावले असते.

मालिका संपत का नाही, याचं उत्तर मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. माझं आयुष्य खोडव्यात गेलंय. ऊस तोडला की बुडखे जमिनीत तसेच राहू द्यायचे, पाणी सोडायचं, खत टाकायचं, पुन्हा फुटतो. बेण्याचा खर्च नाही, लागणीचा नाही. पहिला खोडवा बरा येतो. दुसऱ्याला कांड्या आखूड होतात. तिसऱ्या-चौथ्याला ऊस कुठला आणि गवत कुठलं ते बसून ठरवावं लागतं, पण मालक नांगर घालत नाही, कारण काहीतरी निघतंय ना! मालिकेत याला 'लीप' म्हणतात. सात वर्षांची लीप, वीस वर्षांची लीप. काल पाळण्यात असलेली पोरगी आज वकील होऊन येते आणि तिच्या आईचे केस कानाजवळ तेवढे दोन बोटं पांढरे झालेले असतात. बाकी बाई तशीच, साडी तशीच, आणि जाऊही अजून दाराआडच. हिंदीतल्या 'क्यूंकी सास भी कभी बहू थी' मध्ये तर मेलेला नायक मिहिरसुद्धा प्रेक्षकांनी आरडाओरडा केल्यावर फुटून वर आला होता. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि २०१३ ला थांबली, तीन हजारांच्या वर भाग झाले. नावात चार दिवस लिहून दिलेले असताना अकरा वर्षं कब्जा सोडला नाही, असं प्रकरण आमच्याकडं असतं तर तहसीलदाराकडे गेलं असतं.

हे खूळ आपल्याकडचंच आहे असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत साबण विकणाऱ्या कंपनीनं पैसे घालून 'गायडिंग लाइट' नावाची मालिका १९३७ साली रेडिओवर सुरू केली, ती पुढं टीव्हीवर आली आणि २००९ ला बंद झाली. बहात्तर वर्षं. तात्या म्हणाले, "येवढ्या वर्सात येका साबनानं अंग स्वच्छ व्हईना व्हय?"

जग आणि मालिका आमच्या डोळ्यांदेखत एकमेकांत घुसले ते २०२० साली. मार्चमध्ये चित्रीकरण बंद पडलं. मग परवानगी मिळाली, पण अटींसह, आणि त्यातली एक अट अशी की पासष्ट वर्षांवरच्या कुणालाही सेटवर येऊ द्यायचं नाही. जुलैत नवे भाग सुरू झाले तेव्हा अनेक आज्या आणि आजोबा घरातून नाहीसे झाले होते. तात्यांनी हे फार मनाला लावून घेतलं. "म्हाताऱ्यानं रानात दारं धरल्यावर करोना हुईत न्हाई, आन सोफ्यावर बसून आशीर्वाद दिल्यावर हुतो?" त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. म्हणजे जगात महासाथ चालू असताना मालिकेतल्या आजीला परत आणायला हायकोर्ट लागलं. सौ.चं निरीक्षण असं की आजी नव्हती तेवढे दिवस घरातली भांडणं लवकर मिटत होती, कारण दोन्ही बाजूंना "तुमचंही बरोबर आहे" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली, तेव्हा निर्माते आपापली घरं घेऊन गोव्याला, सिल्वासाला गेले. काल पुण्यात नांदणारं कुटुंब आज सगळंच्या सगळं रिसॉर्टवर. खिडकीतून माड दिसायला लागले. मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली आणि कुटुंब पुन्हा रस्त्यावर आलं. एवढी हालअपेष्टा एखाद्या मालिकेत लिहिली असती तर सौ.नं ती अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

त्याच्या थोडं आधी, २०२१ च्या मार्चमध्ये, सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज आडवं रुतलं. या एका घटनेवर पिंपळीचा अधिकार मी मानतो. नीरा डावा कालवा ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात काढला. त्याचं आवर्तन कधी सुटतं, फाट्यावर कोण किती वेळ पाणी धरतो, टेलच्या लोकांना थेंब पोचतो की नाही, हे आमचं नित्याचं राजकारण. तात्यांनी जाहिरातींच्या दोन फेऱ्यांत नकाशा समजून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला : "टेलला कोन हाय?" मी म्हटलं, युरोप. "मंग बोंबलनारच." दुसरा प्रश्न : "कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब वस्तू आत सोडायला परवानगी कुनी दिली? त्येला पयला सस्पेंड करा." सहा दिवसांनी गाळ उपसून, बोटींनी ओढून आणि पौर्णिमेची भरती साधून ते जहाज निघालं. सौ.ला मात्र ही बातमी पूर्ण पटली होती. का, तर सहाही दिवस जहाज एकाच जागी होतं. झुब्यांच्या कुड्या झाल्या नव्हत्या.

सौ. जगाचा अंदाज गोडेतेलाच्या डब्यावरून घेते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि सूर्यफूल तेल कडाडलं, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल त्या दोन देशांतून यायचं. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा तर आमच्याकडं भज्यांवर अघोषित संचारबंदी आली. आणि मालिकेत? मालिकेत पुऱ्या. रोज पुऱ्या. सत्यनारायणाला पुऱ्या, हळदीला पुऱ्या, सून रुसली म्हणून पुऱ्या. कढईत तेल काठोकाठ. "ह्यांच्या घरी पेपर येतो का?" सौ.नं विचारलं. हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. मालिकेतल्या घरात जग येतच नाही. कुणी मतदानाला जात नाही, कुणाचा गॅस संपत नाही, कुणाच्या विहिरीची मोटर जळत नाही, युरिया मिळाला नाही म्हणून कुणी सोसायटीत भांडत नाही. कोट्यवधींची कंपनी बुडते आणि एकही बँकवाला दारात येत नाही. उलट बातम्यांत नुसतं जग, त्यात घर नाही. तिथं तेल म्हणजे बॅरल. डब्याचा भाव सांगणारा वार्ताहर तात्यांना अजून सापडलेला नाही.

मालिकेतून राजकारणात जाण्याची वाट आता पक्की झाली आहे. 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू असतानाच, २०१९ ला, अमोल कोल्हे शेजारच्या शिरूरमधून खासदार झाले. 'क्यूंकी सास भी कभी बहू थी' मध्ये नायिका तुळशीची भूमिका करणाऱ्या स्मृती इराणी केंद्रात मंत्री झाल्या, २०२४ ला अमेठीत हरल्या, आणि २०२५ च्या जुलैत पुन्हा तुळशी म्हणून त्याच मालिकेच्या नव्या पर्वात आल्या. तिथं बिल गेट्सशी त्यांचं व्हिडिओ कॉलवर बोलणंही झालं. पण सगळ्यांवर कडी युक्रेनची. तिथं झेलेन्स्की नावाचा विनोदी नट 'जनतेचा सेवक' या मालिकेत योगायोगानं राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या शाळामास्तरचं काम करत होता. मालिकेच्याच नावाचा पक्ष निघाला आणि २०१९ मध्ये ७३ टक्के मतं घेऊन नट खराच राष्ट्राध्यक्ष झाला. तीन वर्षांत दारात रणगाडे. हे ऐकल्यावर सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विनोदी मालिका होती ना? मग शेवट असा कसा केला?"

२०२४ च्या लोकसभेला दिल्लीचे चॅनेलवाले 'नणंद विरुद्ध भावजय' म्हणत आमच्या मतदारसंघात उतरले होते. त्यांनी रस्त्यावर सौ.समोरही माइक धरला. मालिकेतल्या नणंदांवर ही बाई तास तास बोलेल. त्या दिवशी ती म्हणाली, "उसाला पाणी द्यायचंय," आणि निघून आली. पिंपळीत मत यंत्रात देतात.

जगातल्या लेखकांपैकी सौ.नं ज्याला मनापासून मानलं तो एकच, ट्रम्प. २०२५ च्या २ एप्रिलला त्यांनी साऱ्या जगावर आयातशुल्क जाहीर केलं. ९ तारखेला नव्वद दिवस पुढं ढकललं. जुलैत नव्वद दिवस संपत आले तेव्हा १ ऑगस्ट ठरली. मग आपल्यावर ७ ऑगस्टपासून पंचवीस टक्के आणि २७ ऑगस्टपासून पन्नास. प्रत्येक तारखेला तात्या सात वाजायच्या आत येऊन बसायचे आणि प्रत्येक तारखेला अंतरपाट धरलेला असताना कुणीतरी "थांबा!" म्हणायचं. "ह्या माणसाला आपल्याकडं पाठवा," सौ. म्हणाली, "बँकेत दोन भाग नसताना पाच महिने ओढलं ह्यानं." संयुक्त राष्ट्रांबद्दल मात्र तिचं मत वाईट आहे. पाच जणांतल्या एकानं हात वर केला की सगळी बैठकच निकालात निघते, असं आमच्या विकास सोसायटीतही चालत नाही, आणि आमची सोसायटी काही आदर्श नाही.

पण मला खरं सांगायचंय ते २०२५ च्या ८ मेच्या रात्रीबद्दल. सीमेवर खरोखरच तणाव होता, माणसं खरोखरच जीव मुठीत धरून होती. त्या रात्री बऱ्याच वाहिन्यांनी शहरामागून शहर जिंकायला सुरुवात केली. कराचीचं बंदर गेलं. इस्लामाबादेत शिरले. साडेनऊ वाजून गेले होते, त्यामुळं रिमोट कायदेशीररीत्या तात्यांकडे होता. तात्या सोफ्याच्या कडेवर आले होते. सौ. भाजी निवडत बसली होती आणि नुसती नजर टाकत होती. मग तिनं सुरू केलं. "तात्या, ही इमारत मगाशी पडली होती." तात्या म्हणाले, दुसरी असंल. "दुसरी कशी? तिच्या कोपऱ्यावर तीच टाकी हाय. मगाशी ती दुसऱ्या शहरात पडली, आता इथं पडली." थोड्या वेळानं : "तिकडं आता रात्र हाय ना? मग मागं ऊन कसं?" मग : "हा बाप्या दोन तास झालं 'थोड्याच वेळात' म्हणतोय. कॅमेरा कुठाय ह्याचा? स्टुडिओत पंखा हाय का बघा." आणि सगळ्या गोंधळात भोंगा. हवाई हल्ल्याचा भोंगा, तात्यांच्या बातमीत, पार्श्वसंगीत म्हणून. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी दिवे मालवले.

दुसऱ्या दिवशी कराचीचं बंदर होतं तिथंच होतं. १० मेला नागरी संरक्षण खात्यानं वाहिन्यांना लेखी कळवलं की कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय झाली तर खऱ्या वेळी कुणी उठायचं नाही. सुनेच्या एन्ट्रीला ढोल किती वेळा वाजवावा याचा नियम अजून कुणी केलेला नाही, पण बातम्यांच्या पार्श्वसंगीतात सरकारला हात घालावा लागला. आणि तरीही मालिकेवर हसणारे लोक त्या रात्री त्याच वाहिन्या लावून बसले होते. कानातलं बदललं तर आम्ही आरडाओरडा करतो. आख्खं शहर बदललं तर म्हणतो, दुसरं असंल.

तात्या आठवडाभर आले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "मालिका लाव."

दिवाळीला भाचा आला. सौ.नं वही काढून ठेवली होती. मालिकेच्या चुका डाव्या पानावर, बातम्यांच्या उजव्या. भाचा बिचारा चकली तोंडात धरून ऐकत राहिला. झुबे, गजरा, सुटकेस, फडातला पांढरा सदरा, ऊन पडलेली रात्र. सतराव्या मुद्द्याला त्यानं हात जोडले. "मामी, हे सगळं आम्हालाही दिसतं. पण भाग रात्री वाहिनीकडं गेलाच पाहिजे. पुन्हा शॉट घ्यायला वेळ कुणाला आहे? आणि झुबे बदलले म्हणून टीव्ही बंद कोण करतं? तुम्ही तरी केला का?"

"म्हणजे मी बोलते ते त्या पेटीला कळत नाही."

"पेटीला फक्त बघणं कळतं, मामी. आणि तुमच्या घरी तर पेटीच नाही. तुमचं बघणंसुद्धा कुणी धरत नाही."

तात्यांना हे भलतंच लागलं. "आरं, मंग येवढी वर्सं आमी फुकट बघतोय?"

सौ.नं वहीचं पान उलटलं. "कुणी धरतच नाही तर मला भीड कुणाची? लिहून घे पुढं. अठरावा. वकील. तुमच्या मालिकेतला वकील कोर्टात उभा राहतो आणि एकदाही पुढची तारीख मागत नाही."